क्रूझर बाइकला सिसी बार कसा बसवावा

सिसी बार म्हणजे मागच्या सीटच्या पाठीशी उभा राहणारा लोखंडी टेकू. नागपूरहून रामटेक-पेंचपर्यंत जोडीनं जायचं तर मागच्याला त्याचा मोठा आराम. पण माणूस त्यावर निर्धास्त रेलतो, म्हणून बार दिसतो कसा यापेक्षा तो कशाला कसला आहे ते आधी बघा.

समजा बार वरच्या बोल्टपासून ४० सेंमी उंच आहे आणि खालचा बोल्ट त्याच्यापासून १० सेंमीवर. मागच्याने वर ३० किलोचा रेटा दिला, तर खालच्या बोल्टांवर मिळून सुमारे १२० आणि वरच्यांवर १५० किलोचा ताण येतो. मडगार्डचा पातळ पत्रा हे फार दिवस सोसत नाही, भोकाशी तडकतो. म्हणून बार मडगार्ड पेलणाऱ्या जाड स्ट्रटवर किंवा चासीवरच घ्या.

माप घेताना जो नेहमी मागे बसतो त्यालाच बसवा. टेकू खांद्याच्या पात्यांखाली आला की पुरे. बार किंचित मागे झुकलेला ठेवून पुठ्ठ्याचा साचा कापा.

आता स्ट्रटचे बोल्ट एकेक करून काढा, सगळे एकदम नाही. जाडी, आटे आणि लांबी मोजा. नवा बोल्ट तेच आटे असलेला, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) कोरलेला आणि प्लेटच्या जाडीइतकाच जास्त लांब घ्या. त्याहून लांब घेतला तर टोक आत टायरकडे निघतं, आणि खड्ड्यात शॉकअप दबला की ते टायर कापतं.

हिंगणा एमआयडीसीकडे फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत. १२ मिमीचा भरीव राउंड बार एकसंध वाकवून घ्या, वरच्या वळणावर जोड नको. खाली ६ मिमीची प्लेट. गाडीवर वेल्डिंग करू देऊ नका, करंट वायरिंगमध्ये आणि ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) शिरू शकतो. साच्याच्या मापानं टॅक (वेल्डचे छोटे टाके) मारून गाडीला लावून बघा, मग उतरवून पूर्ण वेल्ड करा. बोल्ट हातानं सहज शिरले पाहिजेत. ओढूनताणून बसवलेला बार वेल्डला तडकतो.

बार पावडर कोटिंगला (भट्टीत पक्का होणाऱ्या भुकटीच्या रंगाला) देताना प्लेटची भोकं आणि बोल्टखालची जागा टेपनं झाकायला सांगा. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबत जातो आणि कसलेला बोल्ट ढिला पडतो. टेकूच्या गादीला काळं रेक्झिन टाळा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या गादीला पाठ टेकवत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. कंपनीचाच बार मिळत असेल तर तोच घेणं मला बरं वाटतं. मागच्याला धरायचं हँडल नियमानं लागतंच, ते काढू नका. टेललाइट, इंडिकेटर, नंबर प्लेट झाकली जाता कामा नये.

शेवटी सगळे बोल्ट आधी हातानं, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कनं (कसण्याच्या ठरलेल्या जोरानं) कसा. आट्यांना निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला पडू न देणारा चिकट द्रव) लावा. बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढा. दोघं बसून टायरवरची फट तपासा. १०० किमीनंतर रेघ बघा. सरकलेली दिसली तर बोल्ट काढून आटे पुसा, थ्रेडलॉक नव्यानं लावून पुन्हा कसा.