बोटं हलवून दाखवा

ऑर्थो, म्हणजे हाडांची शाखा, घ्यायचं मनात असलेले इंटर्न भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, ताकद लई लागते का?" लागते की. मोडलेली मांडी ओढून जागेवर आणताना घाम फुटतो, आणि पाच-सहा किलोचा लेड ॲप्रन चढवून दोन-तीन तास सी-आर्मशेजारी (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) उभं राहिलात की कंबर बोलायला लागते. पण हातोडी-ड्रिल शिकता येतं. शिकायला जड जातं ते वेगळंच.

माझा धडा पहिल्याच वर्षातला. एमएस, म्हणजे एमबीबीएसनंतरचं सर्जनचं शिक्षण, सोलापूरबाहेर करत होतो. मोटरसायकलवरून पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, नडगीचं हाड मोडलेलं, जखम नाही. एक्स-रे काढला, स्लॅब (एका बाजूनं प्लास्टर, वरून बँडेज) घातला. रात्री एक वाजता सिस्टरचा फोन आला, पेशंट ओरडतोय. जाऊन पावलावरची नाडी बघितली, लागत होती. बोटं गरम. दुखण्याचं इंजेक्शन लिहून झोपलो. तीनला पुन्हा फोन, पुन्हा इंजेक्शन. पहाटे सिनियर आले. त्यांनी नाडीला हातही लावला नाही, पायाचा अंगठा धरून हळूच वर ओढला. पोरगा किंचाळला. तिथंच बँडेज कातडीपर्यंत कापून स्लॅब मोकळा केला आणि पेशंट थेट ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये.

पोटरीचे स्नायू चिवट आवरणाच्या कप्प्यांत असतात. आत सूज वाढली की बारीक रक्तवाहिन्या दबतात, मोठी धमनी मात्र वाहत राहते. म्हणून नाडी लागते आणि स्नायू मरत असतो. हातात साधारण सहा तास असतात, ते मी दोन इंजेक्शनांत घालवले. कप्पे उघडल्यामुळे पाय वाचला, पण अंगठा पुन्हा नीट वर उचलला गेला नाही. औषधाला दाद न देणारं दुखणं आणि बोट ताणल्यावर उठणारी कळ, एवढं धरून ठेवा. हाड उद्या बसवता येतं.

म्हणून आजही राउंडला पेशंटला आधी बोटं हलवून दाखवायला सांगतो, एक्स-रे मग बघतो. सोलापुरात हे वाक्य तीन भाषांत पाठ हवं. विजयपूर-कलबुर्गीकडचे पेशंट येतात, त्यांना "बेरळु अल्लाडसरी"; यंत्रमागावर काम करणाऱ्या तेलुगू घरांतल्या बायकांना "वेळ्ळु कदपंडि". उच्चार चुकला की पेशंट हसतो, पण बोटं हलवतो.

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की आमचाही सीझन सुरू होतो. उसाची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, अंधारात मागून दुचाकी. असा पेशंट आला की बाहेर आलेल्या हाडाकडे सगळ्यांची नजर जाते, तुमचीही जाईल. आधी श्वास बघा, मग रक्तस्राव. कमरेचं हाड मोडलं असेल तर बाहेर थेंब न दिसता माणूस आतल्या आत रिकामा होतो. बेडशीट घट्ट आवळून बांधायची, पण पोटावर नाही. खुब्यांवर हाताला लागणाऱ्या हाडांच्या पातळीवर. (सोलापुरी चादर आणून देणारे नातेवाईक भेटलेत. ती फार जाड, आवळता येत नाही.) उघड्या जखमेला पहिल्या तासात अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, सलाइननं ओला केलेला गॉज. गस्टिलो-अँडरसनची ग्रेड (उघड्या फ्रॅक्चरची जखम किती मोठी, ते सांगणारी) कॅज्युअल्टीत घाईनं लिहू नका. बाहेर एक सेंटिमीटरची दिसणारी जखम ओटीत धुताना आत हातभर निघते.

पेपरवरचा रस्ता सरळ आहे: साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं एमएस किंवा त्याच तोडीची डीएनबी. पहिल्या वर्षी ओटीपेक्षा प्लास्टर रूममध्ये जास्त राहाल. कुरकुर करू नका. पीओपी ओलं असताना बोटाचा खळगा पडला तर तिथं आतून फोड येतो, हे हातालाच कळावं लागतं.

सांध्यांचं काम शांत, पण त्यात बोलणं फार. सत्तरीतली आजी न्हाणीत पडून खुबा मोडून येते आणि मुलगा म्हणतो, "वय झालंय, आता कशाला ऑपरेशन?" त्याला सांगावं लागतं की ऑपरेशन पळायला नाही, उठून बसायला आहे. पडून राहिली तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल. तब्येत सोसत असेल तर दोन दिवसांत करायचं. पैशाचं बोलणंही तुमच्याच वाट्याला येतं. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला सरकारनं 2017च्या ऑगस्टमध्ये कमाल मर्यादा घातली, तरी बिल इम्प्लांटपुरतं नसतं. महात्मा फुले योजनेत काय बसतं, काय नाही, ते ॲडमिशनच्या आधीच बघून ठेवा.

गुडघा बदलायला आलेल्या विडी वळणाऱ्या बायका विचारतात, "खाली बसता येईल का?" वर्षानुवर्षं जमिनीवर मांडी घालून काम केलेलं असतं. मी खरं ते सांगतो: दुखणं जाईल, चालाल, पण काम खुर्चीवर बसून. दोघी-तिघी ऐकून परत गेल्या. त्यातली एक जण वर्षभरानं पुन्हा आली. खुर्चीला जोडून सुपासाठी फळी ठोकून घेतली होती, तिचा फोटो नातवाच्या मोबाइलमध्ये होता. तारीख ठरवताना तिनं एवढंच विचारलं, "आषाढीला पंढरपूरला जाता येईल न्हवं?" फेब्रुवारी चालू होता. म्हटलं, येईल, पण एसटीनं.