गणपतीला पाहुणे येण्याआधी पिल्लाची तयारी

घरात दोन महिन्यांचं पिल्लू आलंय आणि गणपतीला महिना उरलाय, तर मखराच्या आधी त्याच्या तयारीला लागा. माणसांची भीड चेपण्याचं पिल्लाचं वय साधारण ३ ते १२-१४ आठवड्यांचं. ८ आठवड्यांचं असताना ते आपल्याकडे येतं, म्हणजे हातात जेमतेम महिना-दीड महिना. या दिवसांत बसलेली भीती पुढे सहजी जात नाही.

आधी डॉक्टरांकडून लसींचं वेळापत्रक लिहून घ्या. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू साधारण १६ आठवड्यांचं होतं, आणि पार्व्हो हा कुत्र्यांमधला विषाणू पिल्लाचा जीव घेऊ शकतो. म्हणून तोवर बाहेरची कुत्री फिरतात तिथे त्याला खाली सोडायचं नाही. पण घरात कोंडायचंही नाही. कडेवर घेऊन रोज दहा मिनिटं सोसायटीच्या गेटपाशी उभे राहा. वॉचमन, दूधवाला, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, शाळेची मुलं त्याला नुसती दिसू देत.

मग माणसांची यादी खरंच कागदावर लिहा. आपल्या घरात जे दिसत नाही ते आठवा: दाढी, काठी, रेनकोट, छत्री, बुरखा, रांगणारं बाळ, हेल्मेट. आमची कुत्री चिंगी सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची, पण हेल्मेटवाला पार्सल घेऊन आला की थेट सोफ्याखाली. शेवटी माझ्या भाच्यानं हेल्मेट जमिनीवर उलटं ठेवून आत पनीरचे तुकडे टाकले. पहिल्या दिवशी तिनं मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून, मान लांब करून एकच तुकडा ओढला. तिसऱ्या दिवशी अख्खं डोकं आत. मग त्यानं ते मांडीवर घेतलं, नंतर काच वर करून डोक्यावर घातलं. आठवडा लागला, पण त्यानंतर ती पार्सलवाल्याला बघून लपली नाही.

दाराशी खाऊची डबी हवी. उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे. पाहुण्यांना चपला काढतानाच सांगा, "काका, त्याच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका. बसा आणि हा तुकडा त्याच्या बाजूला टाका." जवळ यायचं की नाही हे पिल्लानं ठरवायचं. आलं तर छातीवर नाहीतर हनुवटीखाली खाजवा. वरून डोक्यावर येणाऱ्या हाताची त्याला भीती वाटते. दोन-तीन सेकंदांनी थांबा, ते पुन्हा सरकून आलं तरच पुन्हा. "काही करत नाही हो, घ्या उचलून" हे आपण कौतुकानं म्हणतो, ते या महिन्यात अजिबात म्हणायचं नाही.

झोप नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, पायांत शेपूट, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, यातलं काही दिसलं की त्याला पुरे झालंय. गुरगुरलं तर ओरडू नका, अंतर वाढवा. गुरगुरण्यावर मार खाल्लेलं कुत्रं पुढे न सांगता चावू शकतं. कुणाला दात किंवा नख लागलंच, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन डॉक्टरकडे जा.

प्रसादाचं ताट उंचावर ठेवा. शिऱ्यातले बेदाणे, खिरापतीतले मनुके, चॉकलेटचे मोदक कुत्र्याला विषारी असतात. आजोबांना हे दोनदा सांगा, ते लाडानं भरवतात.

मागच्या खोलीत अंथरूण, पाणी आणि चघळायचं खेळणं मांडा, पण आठवडाभर आधी. त्या खोलीत त्याला रोज थोडा वेळ खाऊ देऊन बसवलं तरच ती त्याला आपली वाटेल. झांजा वाजायच्या आधी त्याला तिथे न्या, दारावर "पिल्लू झोपलंय" अशी चिठ्ठी लावा, आणि घरातलं एक माणूस सोबत बसू द्या. आमच्याकडे वहिनी आणि मी आळीपाळीनं बसायचो. एकीची आरती चुकायची, पण आतून ऐकू यायची.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कुणालाही बोलावू नका. पिल्लाला दिवसाचे १८ तासांच्या आसपास झोप लागते, आणि ती या दिवसांत झालेली नसते.