इटालियन क्रियापदं चालवताना या चुका टाळा

इटालियन शिकणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी ती भाषा इंग्रजीतून शिकतात. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, व्हिडिओत समजावून सांगणाराही इंग्रजीतच बोलतो. मग मनात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं आणि त्यावरून इटालियन. क्रियापदांच्या बाबतीत हा वळसा महागात पडतो. इंग्रजी क्रियापदाला रूपं अगदी मोजकी असतात. इटालियन क्रियापद मात्र पुरुष, वचन, काळ आणि अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ वगैरे) यांप्रमाणे बदलतं, कधी लिंगाप्रमाणेही. आपलं मराठी क्रियापद असंच तर चालतं! म्हणून माझा आग्रह असा, की इटालियन रूपं थेट मराठीच्या शेजारी ठेवून शिकावीत. पुष्कळ चुका तिथेच थांबतात. मात्र काही जागी मराठीच चकवते, आणि त्या जागा आधीपासून ठाऊक असायला हव्यात.

वर्तमानकाळातल्या चुका

‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. पहिली चूक शेवटच्या रूपात होते. ‘पार्ल्यामो’, ‘पार्लाते’च्या ओघात लोक ‘पार्लानो’मध्येही ‘ला’वर जोर देतात. जोर ‘पार’वर हवा. ‘मी’च्या रूपात आघात जिथे पडतो, तिथेच तो ‘ते’च्या रूपातही राहतो. ‘आबितो’मध्ये ‘आ’वर, म्हणून ‘आबितानो’मध्येही ‘आ’वरच.

‘कापीरे’ (समजणे) हे क्रियापद कापीस्को, कापीशी, कापीशे असं चालतं. पण ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ला काप्यामो, कापीते. ‘कापीश्यामो’ हे रूप अस्तित्वातच नाही, तरी ते हमखास ऐकू येतं. ‘इरे’ने संपणारं कोणतं क्रियापद असं चालतं आणि कोणतं ‘दोर्मीरे’सारखं सरळ, यासाठी एक युक्ती आहे. मूळ रूपाच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटून पाचवं अक्षर बघा. तिथे स्वर असेल तर बहुधा ‘कापीस्को’चा गट (फिनीरे, पुलीरे, प्रेफेरीरे), व्यंजन असेल तर सरळ गट (दोर्मीरे, पार्तीरे, सेंतीरे). अपवाद आहेत, पण सुरुवातीला ही युक्ती चांगली साथ देते.

स्पेलिंगचंही एक सूत्र लक्षात ठेवा. ‘आरे’वाली क्रियापदं उच्चार सांभाळतात, त्यासाठी स्पेलिंग बदलतं. ‘चेर्कारे’चं ‘तू’चं रूप ‘चेर्की’, आणि तो ‘क’ टिकावा म्हणून लिहिताना मध्ये एच घालावा लागतो. ‘एरे’वाली उलट वागतात: ‘लेज्जेरे’चं लेग्गो, लेज्जी. स्पेलिंग तेच, उच्चार बदलला.

एस्सेरे की आवेरे?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ, म्हणजे ‘पास्सातो प्रोस्सिमो’, दोन तुकड्यांनी बनतो. आधी ‘एस्सेरे’ (असणे) किंवा ‘आवेरे’ (जवळ असणे) याचं रूप आणि मग भूतकाळी धातुसाधित, म्हणजे ‘गेलेला’, ‘खाल्लेला’ यांसारखं रूप.

‘एस्सेरे’ आलं की धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. पुरुष म्हणेल ‘सोनो आंदातो’, बाई म्हणेल ‘सोनो आंदाता’. मी गेलो, मी गेले. इंग्रजीतून येणाऱ्याला हे मुद्दाम आठवावं लागतं, आपल्याला नाही. अनेकवचनी ‘स्यामो आंदाती’, आणि सगळ्या बायकाच असतील तर ‘स्यामो आंदाते’.

‘आवेरे’ आलं की मात्र मराठी दगा देते. आपण म्हणतो, मी भात खाल्ला, मी पोळी खाल्ली; क्रियापद कर्माच्या मागे जातं. त्या सवयीने ‘ओ मांजाता ला पीत्सा’ असं तोंडातून निघतं. बरोबर रूप ‘ओ मांजातो ला पीत्सा’. कर्म पुढे आलं की धातुसाधित हलत नाही. पण त्याच कर्माचं सर्वनाम होऊन ते आधी आलं, तर मराठीसारखंच जुळतं: ‘लो मांजाता’, ती खाल्ली.

मग दोघांपैकी कुठलं निवडायचं? ‘त्याने’ म्हणावं लागलं तर आवेरे, नुसतं ‘तो’ चाललं तर एस्सेरे, असा ठोकताळा मराठी विद्यार्थी बसवतात. त्याने लिहिलं: ‘आ स्क्रित्तो’. तो आला: ‘ए वेनूतो’. इथवर ठीक. पण तो झोपला, तो हसला, तो बोलला, तो चालला, तो नाचला, तो शिकला, या सगळ्यांना इटालियनमध्ये आवेरेच लागतं: आ दोर्मीतो, आ रीसो, आ पार्लातो, आ काम्मिनातो, आ बाल्लातो, आ इंपारातो. ‘ए दोर्मीतो’ म्हटलं की चूक झालीच. ठोकताळा एकाच बाजूने वापरा: ‘ने’ असेल तर बहुतेक वेळा आवेरे. ‘ने’ नसेल तर अर्थ बघा. एका जागेहून दुसरीकडे जाणं-येणं असेल (आंदारे, वेनीरे, पार्तीरे, आर्रिवारे, तोर्नारे), स्थिती बदलत असेल (नाशेरे, मोरीरे, दिवेंतारे) किंवा राहणं-असणं असेल (रिमानेरे, स्तारे, एस्सेरे), तर एस्सेरे. नुसती हालचाल कशी होते एवढंच सांगणारी चालणं, पोहणं, नाचणं ही क्रियापदं आवेरेकडे जातात.

काही क्रियापदं दोन्हीकडे जातात, आणि इथे मराठी फार सुंदर वाट दाखवते. सिनेमा सुरू झाला: ‘ईल फिल्म ए कोमिंचातो’. मी काम सुरू केलं: ‘ओ कोमिंचातो ईल लावोरो’. झालं तिथे एस्सेरे, केलं तिथे आवेरे. ‘फिनीरे’चंही तसंच, संपलं आणि संपवलं.

‘स्वतःला’ अर्थाचं सर्वनाम घेणाऱ्या क्रियापदांना नेहमी एस्सेरे लागतं. मी उठलो, ‘मि सोनो आल्त्सातो’. मी उठले, ‘मि सोनो आल्त्साता’. शंका आली तर त्रेक्कानीचा ऑनलाइन शब्दकोश उघडा. क्रियापदाच्या नोंदीत ‘आउस’ या संक्षेपापुढे कोणतं सहायक क्रियापद लागतं ते दिलेलं असतं. नवं क्रियापद वहीत उतरवताना तेही सोबत लिहून ठेवावं.

‘आवडतं’ला इंग्रजीतून जाऊ नका

‘मि प्याचे ईल काफ्फे’ म्हणजे मला कॉफी आवडते. ‘मि प्याच्चोनो इ लिब्री’, मला पुस्तकं आवडतात. रचना हुबेहूब मराठी आहे. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं. तरीही इंग्रजीच्या नादाने ‘यो प्याच्चो’ म्हणणारे भेटतात, आणि त्याचा अर्थ होतो ‘मी लोकांना आवडतो’. भूतकाळातही वस्तूच ठरवते: पीत्सा आवडला की ‘मि ए प्याचूता’, कारण इटालियनमध्ये पीत्सा स्त्रीलिंगी आहे.

जायचो, जात होतो, गेलो

‘इंपेर्फेत्तो’ म्हणजे आपलं ‘जायचो’ आणि ‘जात होतो’, दोन्ही मिळून. ‘दा बांबीनी आंदावामो आल मारे’, लहानपणी आम्ही समुद्रावर जायचो. ‘लेज्जेवो क्वांदो ए आर्रिवातो मार्को’, मी वाचत होतो तेव्हा मार्को आला. इथे फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती ठरावीक मुदतीची. ‘मी तीन वर्षं रोमला राहत होतो’ हे मराठीत सहज चालतं, पण इटालियनमध्ये मुदत संपलेली असेल तर पास्सातो प्रोस्सिमोच हवा: ‘ओ आबितातो आ रोमा पेर त्रे आन्नी’. आणि अजून तिथेच राहत असाल तर साधा वर्तमानकाळ: ‘आबितो आ रोमा दा त्रे आन्नी’. तीन वर्षांपासून राहतो, तसंच.

दोन क्रियापदांचा अर्थही काळानुसार पालटतो. ‘सापेवो’ म्हणजे मला माहीत होतं, ‘ओ सापूतो’ म्हणजे मला कळलं. ‘कोनोशेवो’ म्हणजे मी ओळखत होतो, ‘ओ कोनोशूतो’ म्हणजे माझी ओळख झाली.

जर-तरचा घोळ

‘वेळ असता तर आलो असतो.’ मराठीत दोन्ही बाजूंना संकेतार्थ. इटालियनमध्ये दोन बाजूंना दोन वेगळे अर्थ लागतात: ‘से’च्या (जर) बाजूला कोंजुंतीवो, म्हणजे इच्छा, मत, कल्पना सांगणारी रूपं, आणि दुसऱ्या बाजूला कोंदित्स्योनाले, म्हणजे ‘केलं असतं’ अशा अर्थाची रूपं. ‘से आवेस्सी तेंपो, वेर्रेई.’ दोन्हीकडे एकच रूप घालून ‘से आव्रेई’ म्हणणं ही मराठी माणसाची अगदी स्वाभाविक चूक आहे. इटलीतही ही चूक होते, पण तिथे ती कच्च्या शिक्षणाची खूण मानली जाते, म्हणून ती मुळातूनच काढून टाका.

शिवाय मराठीतलं ते एकच वाक्य आजच्या वेळेबद्दलही असू शकतं आणि कालच्याही. इटालियनला हा फरक दाखवावाच लागतो. काल वेळ नव्हता, असं म्हणायचं असेल तर ‘से आवेस्सी आवूतो तेंपो, सारेई वेनूतो’.

खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टीत आणखी एक खड्डा आहे. आपण म्हणतो ‘वेळ मिळाला तर येईन’, म्हणजे ‘तर’च्या आधी भूतकाळी रूप. इटालियनमध्ये तिथे भविष्य चालतं: ‘से आव्रो तेंपो, वेर्रो’. बोलताना दोन्हीकडे वर्तमानकाळही सर्रास वापरतात: ‘से ओ तेंपो, वेंगो’.

भविष्यकाळात ‘पार्लारे’चं ‘पार्लेरो’ होतं, ‘पार्लारो’ नाही. ‘पार्लेरेमो’ म्हणजे आम्ही बोलू, आणि जोडाक्षर देऊन ‘पार्लेरेम्मो’ म्हणजे आम्ही बोललो असतो. एका ‘म’वर सगळा अर्थ उभा आहे. अंदाजासाठीही भविष्यच वापरतात: ‘सारान्नो ले ओत्तो’, आठ वाजले असतील.

कोंजुंतीवो

तू यावंस असं मला वाटतं: ‘वोल्यो के तू वेंगा’. इच्छा असेल तिथे मराठीचा विध्यर्थ जवळपास वाट दाखवतो. मत असेल तिथे दाखवत नाही. ‘मला वाटतं तो घरी आहे’ यात आपण साधं ‘आहे’ वापरतो, म्हणून ‘पेंसो के ए आ काझा’ म्हटलं जातं. बोलताना इटालियन लोकही असं म्हणतात, पण लेखनात आणि सिएना किंवा पेरुजाच्या विद्यापीठाच्या परीक्षेत ‘पेंसो के सीआ आ काझा’ हेच लिहा. ‘सो के’, म्हणजे मला माहीत आहे, यानंतर मात्र साधं ‘ए’. आणि दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर ‘के’ टाळून ‘पेंसो दि आंदारे’ म्हणायचं.

आदराने बोलताना

‘लेई’ म्हणजे आपण किंवा तुम्ही, पण क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी. आपल्या अनेकवचनी आदराच्या सवयीने ‘लेई स्येते’ होतं. बरोबर ‘लेई ए’. दक्षिणेत वडीलधाऱ्यांशी ‘वोई’ वापरून अनेकवचनी बोलणं अजून ऐकू येतं, तरी शिकणाऱ्याने लेई धरावं. आज्ञार्थात स्वर उलटतात: मित्राला ‘पार्ला’, ‘स्क्रीवी’, साहेबांना ‘पार्ली’, ‘स्क्रीवा’. मित्राला नको म्हणायचं असेल तर ‘नोन’नंतर मूळ रूप: ‘नोन पार्लारे’.

‘पास्सातो रेमोतो’, म्हणजे दूरचा भूतकाळ, सुरुवातीला नुसता ओळखता आला तरी पुरे. दांते 1265 मध्ये फ्लोरेन्सला ‘नाक्वे’, म्हणजे जन्मला, असं इतिहासाच्या पुस्तकात वाचाल. उत्तर इटलीत रोजच्या बोलण्यात तो जवळजवळ नाही, सिसिलीत भरपूर आहे. पुढे शिकाल तेव्हा सहाही रूपं घोकू नका. ‘स्क्रीवेरे’सारख्या क्रियापदांत फक्त मी, तो आणि ते यांची रूपं वाकडी जातात (स्क्रिस्सी, स्क्रिस्से, स्क्रिस्सेरो), बाकीची तीन सरळ असतात.