वजन उतरवण्याचा खर्च किलोंवर मोजावा

वजन कमी करायचे ठरले की बहुतेक जण व्यायामशाळेची वर्गणी आणि बुटांचा जोड एवढाच हिशेब मांडतात. हे दोन्ही खर्च पहिल्याच आठवड्यात होऊन जातात. हिशेब चुकतो तो वजन खरोखर उतरू लागल्यावर, म्हणजे प्रयत्नांना यश आल्यावर. त्यामुळे अंदाजपत्रक महिन्यांवर न बांधता किलोंवर बांधावे: पहिल्या पाच किलोंपर्यंत काय लागेल, त्यापुढे काय लागेल आणि वजन स्थिरावल्यानंतर काय करावे लागेल, अशी तीन खाती वहीत पाडावीत.

पहिल्या खात्यात शक्य तितका कमी पैसा घालावा. वर्षाची वर्गणी एकरकमी भरल्यास सवलत मिळते हे खरे, पण सुरुवातीला तीन महिन्यांचीच भरावी आणि प्रवेशशुल्क, लॉकरचे भाडे व गावी गेल्यास सदस्यत्व काही काळ थांबवण्याची सोय यांविषयी आधीच लेखी विचारून घ्यावे. व्यायामशाळांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावतीवर करआकारणी कोणत्या दराने झाली आहे तेही पाहावे. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्यांना आणि महापालिकेच्या उद्यानातील खुल्या व्यायामशाळेत जाणाऱ्यांना यातले काहीच लागत नाही. बूट मात्र चांगले घ्यावेत आणि ते झिजतात हे गृहीत धरावे. धावण्याचा जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, म्हणजे रोज पाच किलोमीटर धावणाऱ्याला वर्षात तीन-चार जोड लागतात.

आहाराचा खर्च वाढतो तो घरात दोन स्वयंपाक सुरू झाल्यामुळे. घरच्यांसाठी एक भाजी आणि आपल्यासाठी वेगळे काही, या पद्धतीत गॅस, वेळ आणि उरलेले अन्न असे तिन्ही बाजूंनी नुकसान होते. भाजी सर्वांची एकच ठेवून तेल आणि वाढपाचे प्रमाण बदलणे स्वस्त पडते. प्रथिनांच्या महागड्या डब्याकडे वळण्यापूर्वी साधे गणित करावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ७० किलोंच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम. एका अंड्यातून सहा आणि शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून सुमारे ५० ग्रॅम मिळतात. व्यायाम जोरात असेल तर गरज वाढते. तरीही डाळ, फुटाणे, दही आणि अंडी यांच्यावर बरेचसे भागते.

औषधपाण्याचे खाते वेगळे ठेवावे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना त्यांची मात्रा बदलावी लागू शकते, म्हणून डॉक्टरांच्या जादा भेटींची तरतूद हवीच. ही काटकसर करण्याची जागा नव्हे. उलट, एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे उत्साहाच्या भरात ती दरमहा करून घेण्यात अर्थ नसतो. घाईने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि तो खर्च साऱ्या वर्गण्यांपेक्षा मोठा असतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही गती पुरेशी आहे. अशा घाईनंतर दोन-तीन महिन्यांनी केसही गळू लागतात. ते बहुधा आपोआप परत येतात, पण तोवर घरात तेलांच्या आणि सीरमच्या बाटल्यांची रांग लागलेली असते. माझ्या घरी चार होत्या. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत आरोग्यविम्याच्या वजावटीच्या एकूण मर्यादेत प्रतिबंधात्मक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, व्यायामशाळेच्या वर्गणीवर मात्र मिळत नाही.

आता कपडे. पँटची कंबर शिंपी दोनेक इंच आत घेऊ शकतो. त्याहून जास्त घेतल्यास मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडतात. शर्टाचा खांदा उतरू लागला की तो दुरुस्त करण्याची मजुरी बऱ्याचदा शर्टाच्या किमतीला परवडत नाही. त्यामुळे पाच किलो उतरल्यावर सगळे कपाट शिंप्याकडे नेऊ नये. मधल्या काळासाठी दोन पँट, तीन शर्ट आणि पट्ट्याला नवी भोके एवढ्यावर निभावावे. ब्लाउज आत घेताना कापड कापू न देता शिवणीच्या आतली माया तशीच ठेवायला सांगावे, कारण वजन पुन्हा वाढले तर उसवून भागते. वजन तीन महिने एकाच आकड्याच्या आसपास राहिल्यावरच कायमचे शिवणकाम काढावे.

हाच नियम दागिन्यांना अधिक कसोशीने लावावा. सैल झालेली अंगठी बोटातून गळून पडण्याची भीती खरी असते, पण लगेच सोनाराकडे धावण्याऐवजी तिला आतून दोरा गुंडाळावा. आपल्या आज्या हेच करीत. थंडीत बोटे तशीही बारीक होतात, त्यामुळे हिवाळ्यात घेतलेले माप उन्हाळ्यात घट्ट बसते. बांगड्या आणि पाटल्या सैल झाल्यास बहुधा मोडून नव्याने घडवाव्या लागतात आणि त्यात घडणावळ व वितळवताना येणारी घट दोन्ही जातात. हा निर्णय शक्य तितका लांबवावा. अंगठी लहान करायला देताना ती आपल्यासमोर तोलून वजन पावतीवर लिहून घ्यावे, परत घेताना पुन्हा तोलावी, आणि कापून काढलेला सोन्याचा तुकडा आठवणीने मागून घ्यावा. तो छोटासा तुकडा पावतीसह जपून ठेवला, तर पुढे मोडीत वजनावर जमा होतो.