पहिल्या कम्युनियनचा वर्ग पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

जूनमध्ये फादर विचारतात, "यंदा कम्युनियनचा वर्ग घ्याल का?" आणि फादरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून आपण हो म्हणतो. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर मुलं पहिल्यांदा घेतात, त्याची तयारी करून घेणारा हा वर्ग. वसईत आमच्याकडचे बहुतेक धर्मशिक्षक या वर्गात असेच आले आहेत. ज्यांनी यंदा नुकतंच हो म्हटलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुस्तक कुठलं, हजेरी कशी घ्यायची, रविवारच्या मिस्सानंतर मुलांना थोपवून कसं धरायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. स्वतः धर्मशिक्षणातूनच तर मोठे झालात. मला बोलायचंय ते पहिल्या कन्फेशनच्या, म्हणजे धर्मगुरूंना पापं सांगून देवाची क्षमा मागण्याच्या, तयारीबद्दल. कारण वर्षभर आपलं सगळं लक्ष कम्युनियनवर असतं आणि मुलं अडकतात ती त्याच्या आधीच्या पायरीवर.

आधी धीराचं बोलते. मुलाला सगळं कळायलाच हवं, अशी अपेक्षा चर्चनेही ठेवलेली नाही. 1215च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेने, विवेकाचं वय (बरंवाईट कळण्याचं वय) झालेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापनिवेदन (कन्फेशन) करावं आणि पास्काच्या (ईस्टरच्या) काळात कम्युनियन घ्यावं असं सांगितलं होतं. पुढच्या शतकांत मात्र मुलांना दहा-बारा, कुठे कुठे चौदा वर्षांपर्यंतही थांबवून ठेवायची पद्धत पडली. अजून समज नाही, पात्रता नाही, हीच कारणं. 8 ऑगस्ट 1910 रोजी पोप दहावे पायस यांनी हुकूमनामा काढून ते बंद केलं. विवेकाचं वय साधारण सात, आणि मुलाला ख्रिस्तशरीर आणि रोजची भाकर यांतला फरक त्याच्या कुवतीनुसार कळला की पुरे, असं त्यांनी ठरवून दिलं. आजच्या कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या नियमसंहितेचं, 913वं कलमही तेच सांगतं: मुलाच्या कुवतीनुसार समज, श्रद्धा आणि भक्ती. म्हणून वर्गाच्या शेवटी शंभर मार्कांची लेखी परीक्षा घेऊन नापास झालेल्याला पुढच्या वर्षी बसवणं मला अजिबात पटत नाही. प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या, पाठांतराचा फायदा असतो, मोठेपणी ते शब्द उपयोगी पडतात. पण त्यावरून कुणाला थांबवू नका. गतिमंद मुलांच्या आईबापांना तर हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. ते मनात धास्ती घेऊनच येतात.

आता सापळा. कन्फेशनच्या आधी मुलांना सद्सद्विवेक तपासायला शिकवायचं असतं. त्यासाठी जवळपास प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) एक छापील कागद फिरत असतो, दहा आज्ञांप्रमाणे प्रश्न मांडलेला. नवा धर्मशिक्षक तो कागद वाटतो आणि सांगतो, "यातली तुमची पापं शोधा, पाठ करा." मीही तेच केलं होतं. कागद चुकीचा नसतो, पण तो बहुतेक वेळा मोठ्यांसाठी लिहिलेला असतो. आठ वर्षांचं मूल त्याच्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिकेसारखं बघतं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर हवंच, रिकामी जागा सोडायची नाही. मग मुलं पापं उसनी घेतात. शेजारी बसलेल्याने भावाला मारलं असेल तर हिनेही मारलेलं असतं, मग हिला भाऊ नसला तरी. सहाव्या आज्ञेखालचा (व्यभिचार करू नको) जो शब्द त्यांना कळतच नाही, तोही काही मुलं इमानदारीने पाठ करून आत जातात. एका मुलाने मला विचारलं होतं, "टीचर, माझ्याकडे दोनच पापं आहेत, पुरतील का?" तेव्हा मला कळलं की या मुलाला मी क्षमेकडे नेत नाहीये, यादी भरायला शिकवतेय.

याहून खोल नुकसान वेगळं आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही. या वयात मुलाला चूक, अपघात आणि पाप यांच्यातली रेघ स्पष्ट नसते. ज्या गोष्टीसाठी घरी ओरडा बसला ते पाप, असा त्याचा सरळ हिशेब असतो. दूध सांडलं, पाप. गणितात कमी मार्क, पाप. अंथरुणात शू झाली, पाप. आजोबा वारले त्या आठवड्यात मी त्यांच्याशी बोललो नाही, म्हणून ते गेले, हेही पाप. आईबाबांचं भांडण माझ्यामुळे होतं, हेसुद्धा. यादी हातात दिली की मूल हे सगळं त्यात कोंबतं, आपल्याला वाटतं छान तयारी झाली, आणि ते मात्र देव आपल्यावर रागावलाय असं मनात धरून वाढतं. धर्मशिक्षण मुलांना पापाची भीती घालून पुढे ढकलण्यासाठी नाही. मुलाच्या मनातली भीती आपण वाढवली, तर पुढे तिशी-चाळिशीतही ते माणूस कन्फेशनकडे फिरकत नाही. असे कितीतरी जण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

मग काय करायचं? कागद बाजूला ठेवा आणि एक अख्खा रविवार, जमल्यास दोन, फक्त 'चुकून की मुद्दाम' यावर घालवा. कॅथलिक धर्मशिक्षणात गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असणं, ती तशी आहे हे पूर्ण ठाऊक असणं, आणि तरीही मनापासून ठरवून ती करणं. मुलांना ही व्याख्या सांगू नका, प्रसंग सांगा. पाण्याची बाटली हातातून पडून फुटली. पेपरात बाजूच्याचं बघून लिहिलं. प्रार्थना म्हणता म्हणता झोप लागली. बहिणीचा राग आला. राग आला आणि तिची वही लपवून ठेवली. प्रत्येक प्रसंगाला मुलांनाच ठरवू द्या. वाद होतील, होऊ द्या. रागाच्या त्या दोन प्रसंगांवर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा. राग येणं पाप नाही, त्या रागाचं आपण काय केलं ते महत्त्वाचं, हे एकदा कळलं की मुलांचे चेहरे बदलतात.

रविवारची मिस्सा चुकणं हा प्रसंग मुद्दाम घ्या. आपण वर्षभर हजेरीवरून मुलांना बोलत असतो. पण आठ वर्षांचं मूल स्वतःहून चर्चमध्ये येऊ शकत नाही. बाबांची सुट्टी नव्हती, आई आजारी होती, सगळे लग्नाला गेले होते, तर तो दोष मुलाचा नाही. हे तुम्ही मोठ्याने, सगळ्या वर्गासमोर सांगा. जे सांगायचं ते पालकांना सभेत सांगा. कॅनन कायद्याच्या 914व्या कलमात मुलांच्या तयारीची जबाबदारी पहिल्यांदा आईवडिलांवर टाकलेली आहे, धर्मग्रामगुरूंच्या बरोबरीने. आपण मदतनीस आहोत.

त्यानंतर पापाकडून क्षमेकडे या. लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय घ्या, घर सोडून गेलेल्या आणि पस्तावून बापाकडे परतलेल्या हरवलेल्या मुलाची गोष्ट, आणि ती मुलांकडून वठवून घ्या. त्यात बापाचं काम करणाऱ्या मुलाला खरंच धावायला सांगा. मुलगा आपलं पाठ केलेलं वाक्य पुरं करायच्या आत बाप चाकरांना झगा आणायला सांगतो, ती जागा दोनदा करून घ्या. कन्फेशनमध्ये शब्द विसरलो तर काय, या भीतीला याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. मग शेवटी तीन-चार साधे प्रश्न द्या: देवाशी मी कसा वागलो, घरच्यांशी कसा, मित्रांशी कसा, कुणाची क्षमा मागायची राहिलीय का. एवढं पुरतं.

आणि मुलांनी काही लिहिलं, तर तो कागद तुम्ही वाचायचा नाही. दुरुस्त करायलाही नाही. सराव घ्यायचा असेल तर खोट्या, गमतीच्या पापांवर घ्या.

इथे एक कडक गोष्ट सांगते, ती कुठल्याही पुस्तकात तुम्हाला ठळक दिसणार नाही. दुसऱ्याने आपल्याशी केलेलं वाईट वागणं मूल कधी कधी स्वतःचं पाप म्हणून सांगतं. "अमक्याने मला हात लावला, मी वाईट आहे का?" असं वर्गानंतर कुणी हळूच विचारलं, तर एक क्षणही न दवडता सांगा: तुझं काही चुकलेलं नाही, तू सांगितलंस ते बरं केलंस. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. कन्फेशनची गोपनीयता धर्मगुरूंना बांधते, तुम्हाला नाही. उलट 2012च्या पॉक्सो कायद्याने (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याने) अशी माहिती मिळालेल्या प्रत्येक माणसाला ती पोलिसांना कळवणं बंधनकारक केलंय, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाची उलटतपासणी घेऊ नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि कळवा. 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फादरांच्या कानावर घातलं की आपलं काम संपलं, असं समजू नका. चर्चच्या नावाला बट्टा लागेल म्हणून थांबा, असं सांगणारं कुणी भेटलं, तर त्यांचं ऐकू नका. आरोपी कोण आहे यावर हे अवलंबून नाही.

हे वाचून वर्ग सोडून द्यावासा वाटेल. सोडू नका. असे प्रसंग रोज येत नाहीत, आणि आले तर त्या मुलाने तुम्हालाच निवडलं याचा अर्थ तुमचा वर्ग त्याला सुरक्षित वाटला.

बाकीचं पटकन. कन्फेशनच्या आदल्या आठवड्यात मुलांना रिकाम्या कन्फेशनलमध्ये, म्हणजे कन्फेशनच्या जाळीच्या कक्षात, एकेक करून बसू द्या, जाळी कशी असते, आवाज कसा येतो ते कळू द्या. पश्चात्तापाची प्रार्थना मोठ्या अक्षरांत लिहून आत चिकटवा. "फादर, मी विसरलो, मला मदत करा" हे वाक्य सगळ्यांना शिकवा. फादरांकडे वेळ आधीच मागून घ्या. चाळीस मुलं आणि एक तास म्हणजे एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट, त्यात काहीच होत नाही. दोन दिवस मागा किंवा शेजारच्या धर्मग्रामातून आणखी एक धर्मगुरू बोलवायची विनंती करा. संकोचू नका, मुलांसाठी मागताय.

कम्युनियनच्या उपवासाबद्दल आज्या मुलांना हमखास घाबरवतात. त्यांच्या लहानपणी मध्यरात्रीपासून काही खायचं नाही असा नियम होता. 1964 पासून तो कम्युनियनच्या आधी एक तास एवढाच आहे, आणि पाणी व औषध यांनी तो मोडत नाही. ऑस्ती, म्हणजे कम्युनियनची पातळ भाकर, दाताला लागली तर पाप, हीही भीती घालवा. अभिमंत्रित न केलेल्या ऑस्तीची चव आधीच देऊन बघा, काही मुलांना ती टाळूला चिकटते आणि ती घाबरतात. कुणाला गहू चालत नसेल तर आईवडिलांना फादरांशी वेळेत बोलायला लावा. अगदी कमी ग्लुटेनची ऑस्ती चालते, पूर्ण ग्लुटेनमुक्त चालत नाही. आई किंवा वडील ख्रिस्ती नसतील, किंवा घरात लग्नाचा काही गुंता असेल, तर त्याची सावली मुलावर पडू देऊ नका. अशा आईला पालकसभेत पुढे बसवा. आमच्याकडच्या अशा आयांनी मुलांच्या प्रार्थना इतरांपेक्षा नेटाने करून घेतलेल्या मी पाहिल्या आहेत.

पांढरा फ्रॉक, सूट, हॉल, केटरर याबद्दल माझं मत कडक आहे. धर्मग्रामाने सगळ्यांना सारखा साधा पोशाख ठरवून द्यावा. ज्या घरी पैसे नाहीत त्या घरचं मूल शेवटचे दोन महिने कपड्यांचाच विचार करत असतं. पण हे एकट्या धर्मशिक्षकाच्या हातात नसतं, त्यासाठी भांडण करून वर्ग बिघडवू नका. फादरांना वर्षाच्या सुरुवातीला सांगा, जानेवारीत सांगून उपयोग नाही.

शॉर्टकटबद्दल विचाराल तर मे महिन्यात दोन आठवड्यांत सगळं उरकणारे वर्ग मला आवडत नाहीत. आखातातून सुट्टीवर आलेल्या कुटुंबांची अडचण खरी आहे, तरी तिथल्या चर्चमध्ये तयारी करून इथे यावं, आपण फक्त शेवट करावा. व्हिडिओ लावून वर्ग घेणंही नको. मुलांना ते आवडतं, पण त्या अर्ध्या तासात तुम्हाला कुठल्याच मुलाचं काही कळत नाही.

मार्गदर्शक निवडताना सर्टिफिकेट बघू नका. कोर्स जरूर करा, 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाला चर्चमध्ये रीतसर सेवापद दिलं, म्हणजे हे फावल्या वेळचं काम राहिलेलं नाही. पण वर्गात मागच्या बाकावर वर्षभर बसायचं ते अशा जुन्या शिक्षिकेच्या, जिला मुलांची घरं माहीत आहेत. कुणाचे वडील जहाजावर आहेत, कुणाची आई पहाटे भाजी घेऊन दादरला जाते, कुणाच्या घरी रात्री आरडाओरडा असतो. हे माहीत असलेली शिक्षिका कुठल्या मुलाला कुठला प्रश्न विचारायचा नाही, ते जाणते.

कम्युनियन झालं की बहुतेक ठिकाणी वर्ग मोडतो आणि मुलांचं दुसरं कन्फेशन थेट पुढच्या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, कधी दोन-तीन वर्षांनी होतं. तेवढ्यात सगळं विसरलेलं असतं. म्हणून दुसऱ्या कन्फेशनची तारीख आधीच ठरवा, पहिल्यानंतर साधारण महिन्याभराची, आणि ती पालकांना कम्युनियनच्या आधीच्या सभेतच लिहून द्या. नंतर सांगितलं तर सुट्ट्या लागलेल्या असतात आणि कुणी येत नाही.