जपानी किल्ल्यात जाताय? मोजे जपून निवडा
जपानमध्ये जुन्या काळचा मूळ मनोरा टिकलेले किल्ले फक्त १२ उरलेत. हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने हे त्यांतले. आत शिरताना बूट काढून पिशवीत घालून सोबत न्यावे लागतात. म्हणून पटकन निघणारे बूट आणि पाठीवर छोटी सॅक हवी, म्हणजे कठडा धरायला हात मोकळे राहतात. जिने शिडीसारखे उभे, मात्सुमोतोत तर एक ६१ अंशांचा! वापरून वापरून फळ्या गुळगुळीत झाल्यात, साधे मोजे सटकतात. तळाला रबरी ठिपके असलेलेच घाला. उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवा. घोळदार कपडे नकोतच. गुडघे कुरकुरत असतील तर ओसाकाचा किल्ला बघा: तिथला मनोरा १९३१ सालचा, काँक्रीटचा आहे आणि आत लिफ्ट आहे.