विंडोजवर उबुंटू, त्यात मराठी-कन्नड ओसीआर

निपाणीतल्या आमच्या वाचनालयाची जुनी इतिवृत्तं टाइप करायची होती. काही पानं मराठी, काही कन्नड, काहींवर दोन्ही. आमच्याकडं हे रोजचंच. टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्रॅम, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारा, हे काम करतो, आणि लिनक्समध्ये त्याच्या भाषा-फाइली अ‍ॅप्टनं (प्रोग्रॅम बसवण्याच्या आज्ञेनं) सहज घेता येतात, म्हणून विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घेऊन त्यात उबुंटू हे लिनक्स बसवायचं ठरवलं. उबुंटू सुरूच होईना. डब्ल्यूएसएल २ खरं लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) चालवतं आणि माझ्या बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) त्याला लागणारं व्हर्च्युअलायझेशनच बंद! टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ते चालू की बंद हे दिसतं. आधी तिथं बघा, मग बाकीची खटपट.

ते चालू केल्यावर पुढं टेसरॅक्ट आलं, पण मराठी पानाचा रोमन अक्षरांत नुसता काला. मूळ पॅकेजबरोबर मराठी येत नाही. 'tesseract-ocr-mar' (मराठी) आणि 'tesseract-ocr-kan' (कन्नड) ही पॅकेजं वेगळी घ्यावी लागतात. मिश्र पानाला भाषा म्हणून 'mar+kan' असं दोन्ही सांगायचं. स्कॅन उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या, सी ड्राइव्हवरच्या फाइली डब्ल्यूएसएल २ ला सावकाश मिळतात.

जोडाक्षरं अजून अधूनमधून चुकतात, ती हातानं. मोडीतली पानं मात्र गल्लीतल्या काकांकडं दिली आहेत, मोडी टेसरॅक्टला येत नाही.